जानकामायचा मुरारी

जानकामाय दर वैशाखात माहेरी जायची, आणि तिचं माहेर तिच्या सासरच्या अंगणातून दिसायचं. कुडाजवळ उभं राहिलं की धानाच्या बांध्यांपलीकडे गावच्या तळ्याची पाळ दिसे. पाळीवर दोन-चार मोहाची झाडं होती आणि त्यांच्याखाली एक गवती झोपडी. एवढंच तिचं माहेर. तिथे आई नव्हती, बाप नव्हता, भाऊ नव्हता, चूलसुद्धा दरवर्षी नव्याने मांडावी लागे. पण माहेरचा विषय निघाला की तिचा आवाज असा काही चढायचा की नवख्याला वाटावं, नागपूरच्या भोसल्यांकडची लेक बोलते आहे.

मी त्या गावात मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून गेले तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारापासून बैलगाडीने निघालं की दुपार होईपर्यंत गाव येई. मी अमरावतीची. लग्न लहानपणी झालं आणि वैधव्यही लहानपणीच आलं. सासरच्यांनी हात झटकले, भावाने शिकवलं. शिकवलं याबद्दल त्याचे उपकारच आहेत, पण शिकून नोकरी लागल्यावर त्याच्या घरात माझ्या नावाचा पाट उरला नाही, हेही खरं. मी गावात एका खोलीत राहायची, स्वतःपुरतं शिजवायची आणि संध्याकाळी दाराशी बसून कोणाकडे तरी पाहून हसायची.

शाळेत माझं पहिलं वर्ष 'ळ' सुधारण्यात गेलं. आमच्याकडच्या खेड्यांत 'ळ' चा 'य' होतो, त्याची मला सवय होती. इथे त्याचा 'र' होत असे. मी फळ्यावर 'बाळ' लिहिलं की सगळा वर्ग एका सुरात 'बार' वाचायचा. शाळेला 'सारा' म्हणत, डोळ्याला 'डोरा'. मी छडी आपटून आपटून थकले. मुली माझ्या तोंडाकडे बघत 'ळ' काढायच्या आणि दाराबाहेर पडताच पुन्हा 'र' वर यायच्या.

जानकामायची आणि माझी पहिली भेट याच 'र' ने चुकवली. ती एकदा शाळेच्या दाराशी आली. उंच, हाडापेराने मोठी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, केस पांढरे पण भरपूर. मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, "मास्तरीनबाई, एकटीच खाऊन राहिली ना तू? सांजी पारावर येजो. मासोरी देतो." मासळी मी खात नव्हते, पण कोणी बोलावलं याचाच आनंद इतका झाला की ते सांगायला विसरले. संध्याकाळी जाऊन पिंपळाच्या पारावर बसले. दिवेलागण झाली, गुरं परतली, कुत्री येऊन मला हुंगून गेली. म्हातारी आली नाही. मला वाटलं, गावाने नव्या मास्तरणीची थट्टा केली. घरी येऊन दार लावून घेतलं आणि खरं सांगायचं तर रडले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या दारात तणतणत उभी. "काऊन नाही आली? मी पारावर बसून बसून म्हातारी झाली."

"मीही पारावरच होते," मी म्हटलं.

"कोन्त्या पारावर?"

मी पिंपळाकडे बोट केलं. तिने हात उचलून तळ्याच्या पाळीकडे दाखवलं. आमच्या दोघींच्या मधे एक 'ळ' होता. तिला ते समजलं तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून इतकी हसली की वर्गातल्या पोरी पाट्या टाकून पाहायला आल्या. "बाप्पा, पार आन् पार," ती म्हणाली, "एक झाडाचा, एक माह्या बापाचा."

पाळ खरंच तिच्या बापाची होती. तो तळी बांधणाऱ्या घराण्यातला. गावच्या मालगुजाराने त्याला बोलावून आणलं आणि तो बायको, मुलगा, मुलगी घेऊन इथे आला. पाळ उभी राहीपर्यंत त्यांचं बिऱ्हाड त्या मातीवरच होतं. जानकामायने लहान टोपलीने माती वाहिली होती. तळं भरलं त्या वर्षी गावातल्याच एका शेतकऱ्याने तिला सून करून घेतली. पुढे पटकीत आईबाप गेले. भाऊ सदू आसामात चहाच्या मळ्यावर माणसं नेत होते त्यांच्याबरोबर गेला. जाताना बहिणीच्या दाराशी येऊन म्हणाला, "वैसाखात घ्यायला येतो." ती सांगायची तेव्हा हे शब्द त्याच्याच आवाजात काढायची, थोडे घाईचे, गाडीला उशीर झाल्यासारखे. तो वैशाख काही आला नाही.

हे मला पुढे हळूहळू कळलं. आधी मला कळला तो तिचा मुरारी.

बोलता बोलता ती म्हणायची, "माहा मुरारी येईन." धान कापताना कमरेत उसण भरली तर म्हणायची, "मुरारी येऊ दे, मंग निजतो." सुनेशी वाजलं की गाठोड्याकडे हात करून म्हणायची, "मुरारी आला का मी चालली." मी मनाशी म्हटलं, काय ही म्हातारीची भक्ती. मुरारी म्हणजे कृष्ण, तो न्यायला येणार म्हणजे काय ते ठरलेलंच. मरणाची इतकी शांत तयारी मी कुठे पाहिली नव्हती. एकदा तर मी तिला मुद्दाम विचारलं, "माय, देवाची इतकी ओढ कधीपासून लागली?" मलाच वेड लागल्यासारखं ती माझ्याकडे बघत राहिली. "कोन्ता देव? मी मुरारीचं बोलून राहिली. भाऊ नाही येत का बहिनीले घ्यायला? तो."

म्हणजे मुराळी. सासरी मुलीला माहेरी नेण्यासाठी जो येतो तो. परत एक 'ळ'.

गावाची रीत अशी की सासुरवाशीण आपल्या पायांनी माहेरी जात नाही. कोणीतरी घ्यायला यावं लागतं. त्याने ओसरीवर बसावं, घरच्यांनी त्याला जेवू घालावं, मग त्याने घरच्या कर्त्या माणसाला विचारावं आणि लेक घेऊन जावी. न बोलावता गाठोडं घेऊन बाई निघाली तर लोक समजतात, हिला हाकलली. जानकामाय सासू होऊन गेली होती, नवरा कधीच गेला होता, घरात तिला हाकलणारं कोणी नव्हतं. तरी वैशाखातल्या तिजेला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती सकाळपासून न्हाऊन, केस विंचरून, गाठोडं मांडीशी घेऊन ओसरीवर बसायची. गावच्या लेकी सुटीला आलेल्या असत, गाड्यांवरून उतरताना तिला हाका मारत. दिवस कलेपर्यंत ती बसे. मग परसदाराने, गुरांच्या वाटेने, कोणाला दिसू नये अशी पाळीवर जाई. एखादा दिवस झोपडीत काढून तशीच परसदाराने परत येई. आपल्याच बापाने बांधलेल्या पाळीवर ती चोरासारखी जायची. तिला एकदा, फक्त एकदा, पुढच्या दाराने जायचं होतं.

गावाला याची सवय झाली होती. सून सकू तर रोखठोक बोलायची. "बुडीले डोस्क्यात वारं भरते वैसाखात," ती म्हणे. सकू मनाची वाईट नव्हती. तिच्या अंगावर घर होतं, शेत होतं आणि एक नवरा होता जो कुठल्याही प्रश्नाला आधी बायकोकडे बघायचा.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे त्या वर्षी वैशाखात पाऊस लागला. वळवाचा शिडकावा नव्हे. आभाळ खाली उतरलं आणि श्रावणासारखी झड धरून बसलं. शाळेला सुटी झाली होती. मी अमरावतीला जाणार म्हणून ट्रंक भरली होती, पण गोरेगावच्या वाटेवर गाड्या आसापर्यंत रुतत होत्या. गाडीवान म्हणाला, "बाई, रस्ता उघडू द्या." मी बरं म्हटलं आणि ट्रंकेवर बसून राहिले. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच. आपण न गेल्याने अमरावतीत कोणाचा जीव खालीवर होणार नाही, हे मला त्या ट्रंकेवर बसून लख्ख समजलं. खोलीत पावसाचा आवाज होता आणि मी होते. लेकी गावोगावी माहेरी पोचल्या असतील, ओल्या पायांनी ओसऱ्यांवर चढत असतील, असलं काहीबाही मनात येत होतं.

गाव पावसावर चिडलं होतं. तेंदूची पानं वाळत घातली होती ती कुजली. वड्या-कुरड्या भिजल्या. लग्नाचे मांडव गळू लागले. तिजेचा दिवस तसाच ओला उजाडला. मी काही तरी निमित्त काढून जानकामायच्या घरावरून गेले. ती ओसरीवर बसली होती. न्हालेली, विंचरलेली, गाठोडं मांडीशी. पागोळ्यांचं पाणी तिच्या पायांवर उडत होतं आणि ती पाय मागे घेत नव्हती.

आतून सकूचा आवाज आला. "पानी पाहून राहिली ना बुडे? झोपडी गरून राहिली असन. या साली कायचा माहेर? पडसीन, हात मोडसीन, मंग मलेच निस्तरा लागन."

म्हातारीने गाठोडं आणखी जवळ ओढलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हट्टही नव्हता. स्टेशनावर गाडी निघून गेल्यावरही फलाटावर उभं राहणारं माणूस असतं, तशी ती दिसत होती. मी तशीच घरी गेले, ट्रंक उघडली, पांढरं धुतलेलं लुगडं नेसले, तहसीलदार गावात येतात तेव्हा वापरायची ती काळी छत्री उघडली आणि भर रस्त्याने, चिखल तुडवत, पुढच्या दाराने जानकामायच्या ओसरीवर चढले.

"घ्यायला आले आहे," मी म्हटलं.

सकू पदराला हात पुशीत बाहेर आली. "कोनाले?"

"जानकामायला. माहेरी. मी मुरारी."

माझ्या तोंडून 'र' गेला. ज्या अक्षरासाठी वर्षभर छडी आपटली ते असं सहज निसटलं. शेजारच्या दारांतून बायका डोकावू लागल्या. बाईमाणूस, त्यातून विधवा, छत्री घेऊन मुराळी आलेली, गावाने कधी पाहिलं नव्हतं. जानकामाय गाठोडं घट्ट धरून खाली बघत होती, नव्या सुनेसारखी. मला रीत अर्धवट माहीत. मी लगेच विचारून टाकलं, "घेऊन जाऊ ना?"

सकू माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नवऱ्याने आतून डोकावून बायकोकडे पाहिलं. मग सकू कोरड्या आवाजात म्हणाली, "मुरारी भुकेल्या पोटी पुसत नाही बाई. पयले जेवा." आणि पाट मांडायला आत गेली.

ते हो होतं, हे मला कळलं नाही. जानकामायला कळलं. तिने डोळ्यांना पदर लावला.

मी भात आणि लाखोरीची डाळ जेवले, हात धुतले आणि पुन्हा विचारलं. सकू आता घरची कर्ती होऊन उंबऱ्यावर उभी होती. सासूला माहेरी पाठवायची परवानगी सून देत होती आणि दोघींपैकी एकीलाही त्यात हसण्यासारखं वाटत नव्हतं. "किती दिवस?" तिने विचारलं. हे विचारतातच.

मी जानकामायकडे पाहिलं. जानकामाय खालच्या आवाजात म्हणाली, "पाऊस उघडे तोवर."

"बरं," सकू म्हणाली. "पाऊस उघडला का आपल्या घरी या."

आम्ही पुढच्या दाराने निघालो. गावातून, चावडीवरून, पिंपळाच्या पारावरून, मग बांध्यांच्या धुऱ्याने बापाच्या पारावर. एका छत्रीत दोघी. ती सारखी मागे वळून बघत होती, कोणी बघतंय की नाही ते. सगळं गाव बघत होतं.

तशी सुटी मला पुन्हा मिळाली नाही. घरापासून हाकेच्या अंतरावर, गळक्या झोपडीत, चुलीच्या धुरात. गळतीखाली आम्ही मडकी ठेवली. जानकामायने माहेरवाशिणीचे सगळे हक्क वसूल केले. सकाळी उशिरापर्यंत निजायची. "माहेरी येऊन काम करते का कोनी?" म्हणायची. मी तांदळाच्या पिठाचे गुळ घातलेले आयते तव्यावर टाकायची, ते तुटायचे, आणि ती तुकडे खाताना म्हणायची, "सदूची बायको असती त एवढे वंगार नसती करत." मग माझं तोंड पडलेलं पाहून आणखी मागायची. दुपारी आम्ही सागरगोटे खेळायचो. तिची बोटं सांध्यांत सुजलेली, तरी गोटा हवेत असताना खालचे गोळा करायची आणि मी हरले की लहान मुलीसारखी चिडवायची. मी तिचे केस विंचरायची. ती मला 'भाऊ' म्हणायला लागली. "भाऊ, पानी दे. भाऊ, पाय चेपून दे जरा."

सगळं गाव पाऊस उघडावा म्हणून आभाळाकडे बघत होतं आणि आम्ही दोघी उघडू नये म्हणून. सकाळी उजेड जरा पिवळा वाटला की ती घाबरून बाहेर येई. "उघडून राहिला का रे?" पुन्हा भरून आलं की आत येऊन गोधडीत शिरे. कोणाच्या तेंदूपानांचं नुकसान होतंय हे मला समजत होतं. तरीही मी पावसाच्या बाजूने होते.

एका दुपारी ती झोपडीच्या तोंडाशी बसून तळ्यावर पडणारा पाऊस बघत होती. पलीकडे गोरेगावची वाट होती, पाण्याने भरलेली, रिकामी. मग म्हणाली, "मास्तरीनबाई, सदू मेला असन. मले का समजत नाही का? पन मेला असं कोनी येऊन सांगतलं नाही ना. मंग वाट पाहा लागते." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुही कोन वाट पाहून राहिला?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"आन् तू कोनाची?"

तिने हात लांब करून माझ्या डोक्यावरून फिरवला. तेलकट, धुराचा वास असलेला हात. लग्नानंतर कोणी माझ्या डोक्यावर हात ठेवला नव्हता. मी गुडघ्यांत तोंड घातलं. तिने मला रडू दिलं, गप्प हो म्हटलं नाही.

मग एका सकाळी ऊन पडलं. चांगलं, कडक, वैशाखाचं ऊन. मोहाच्या पानांवरून वाफ निघू लागली. जानकामायने गाठोडं बांधलं, चूल विझवली, मडकी पालथी घातली. पुढच्या दाराने मी तिला पोचवलं. सकूने तिच्या पायांवर पाणी घातलं, माहेरून आलेल्या बाईच्या घालतात तसं.

त्यानंतर मी तिथे होते तोवर दर तिजेला तिची मुरारी झाले. पाऊस पुन्हा तसा आला नाही, म्हणून सकू दोन-चार दिवसांची मुदत घालून द्यायची आणि म्हातारी त्यावर घासाघीस करायची. मग माझी बदली गोंदियाला झाली. निघताना जानकामाय गाडीपर्यंत आली. रडली नाही. "वैसाखात घ्यायला येजो," म्हणाली. मी येते म्हटलं, आणि दोन वैशाख तिला घ्यायला गेलेही. तिसऱ्याच्या आधी, धान कापणीच्या दिवसांत, बाजारात त्या गावचा एक माणूस भेटला. भाजी निवडता निवडता म्हणाला, "जानका बुडी गेली ना जी."

गोंदियात मी एका मारवाड्याच्या घरात वरची खोली घेऊन राहत होते. सगळीकडे हिंदी. सुटी लागली तशी घरमालकीण मुलाबाळांना घेऊन डोंगरगडला माहेरी निघाली. जाताना तिने विचारलं, "मास्टरनीजी, छुट्टी में कहाँ जाओगी?" मी म्हटलं, "यहीं." ती गेली आणि सगळं घर रिकामं झालं. मी जिन्याचा दरवाजासुद्धा लावून घेत नसे. येणार कोण?

तिजेच्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. दारात सकू. नवरा धानाची गाडी घेऊन आला होता, त्याच्याबरोबर. सकूचे केस पांढरे व्हायला लागले होते, हातात माझीच जुनी काळी छत्री. बदलीच्या वेळी ती मी म्हातारीला दिली होती. बाहेर कडक ऊन होतं.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. म्हातारी कशी गेली ते विचारलं. सकू तिच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगू लागली.

"ताप होता. सकारी मले म्हने, मुरारी आला का? मी म्हटलं, आला. दारात उभा आहे." तिने छत्री भिंतीशी टेकवली. "मले वाटलं, आता उठून बसन. त म्हने, उभा काऊन ठेवला? पयले जेवू घाल त्याले."

"मग?"

"मंग का. ताट वाढलं, दारात नेऊन ठेवलं. परत आली तवा ती गेली होती."

मी उठून चूल पेटवली, भात टाकला, पिठलं केलं. सकू पाटावर बसून पोटभर जेवली. हात धुतले, पदराला पुसले, छत्री उचलली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"म्हातारी सांगून गेली, मास्तरीनले कोनी नाही, तू जाजो. घ्यायला आली आहो." तिने इकडेतिकडे पाहिलं. "कोनाले पुसू?"

"इथे कोणी नाही, सकू."

"पुसा त लागनच."

ती खोलीकडे तोंड करून उभी राहिली. माझी खाट, ट्रंक, खुंटीवरचं लुगडं, खालचं सगळं रिकामं घर. त्या सगळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "लेकीले घेऊन जातो जी. पाऊस लागे तोवर."

मग, घरचं कोणी उत्तर द्यायला वेळ घेतं तेवढी ती थांबली. मी गाठोडं बांधलं आणि दाराला कुलूप लावलं.